अवघड की अनोळखी? नव्या सॉफ्टवेअरबद्दलच्या ऑपरेटरच्या तक्रारी कशा तपासायच्या

प्रश्न असा आहे. सदाशिव पेठेतलं एक डीटीपी केंद्र (छपाईची पानं संगणकावर लावून देणारं), चार ऑपरेटर. पुस्तकं आणि दिवाळी अंकांची पानं आजवर पेजमेकरमध्ये लागत आली, मुखपृष्ठं, पत्रिका, फ्लेक्स कोरलमध्ये, फोटो फोटोशॉपमध्ये. आता पानं इनडिझाइनवर आणि रेखाकाम इंकस्केपवर न्यायचं ठरतंय. जुने ऑपरेटर म्हणतात, हे अवघड आहे, हात बसत नाही. नुकतीच लागलेली मुलगी म्हणते, सोपं तर आहे. मालकांना दोन गोष्टी हव्या आहेत: खरं कोणाचं मानायचं, आणि नव्या सॉफ्टवेअरला जुने शॉर्टकट बसवून दिले तर प्रश्न मिटेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: मिटणार नाही, उलट थोडा वाढेल. कारण पुढे येईलच. पहिल्याचं उत्तर लांब आहे, कारण "अवघड आहे" या एका वाक्यात तीन निराळ्या तक्रारी असतात. जुनी सवय आड येते, ही एक. सॉफ्टवेअरच फसवतं, ही दुसरी. आणि हवं ते त्यात होतच नाही, ही तिसरी. पहिलीची किंमत एकदा मोजून संपते, दुसरीची रोज मोजावी लागते, आणि तिसरीवर कितीही शिकवणी लावा, उपयोग शून्य. काम करणाऱ्याला मात्र तिन्ही सारख्याच टोचतात. मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणारे जेफ रास्किन यांनी १९९४मध्येच लिहून ठेवलंय की लोक संगणकात ज्याला सहज म्हणतात ते बहुतेकदा नुसतं ओळखीचं असतं. हे खरंच आहे. पण त्याचा आधार घेऊन प्रत्येक तक्रार सवयीच्या खात्यावर टाकून मोकळं होणं ही मालकांची आवडती पळवाट आहे.

सवयीची तक्रार कशी ओळखायची? एकच शॉर्टकट घ्या, कंट्रोल-डी. कोरलमध्ये त्याने डुप्लिकेट निघतो, इंकस्केपमध्येही तेच. इलस्ट्रेटर या रेखाकामाच्याच सॉफ्टवेअरमध्ये आधी केलेला ट्रान्सफॉर्म, म्हणजे आकाराचा किंवा जागेचा बदल, पुन्हा होतो. पेजमेकर आणि इनडिझाइनमध्ये प्लेसची, म्हणजे बाहेरची फाइल पानावर आणायची, खिडकी उघडते. फोटोशॉपमध्ये सिलेक्शन सुटतं. गिंप या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या इमेजची दुसरी प्रत उघडते. यातलं कुठलंच मुळात सोपं किंवा अवघड नाही. कोरलचा हात इनडिझाइनमध्ये हे दाबतो, भलतीच खिडकी समोर येते, तो एस्केप दाबतो आणि पुढे जातो. आठवड्याभरात हात सुधारतो. अशा बोंब मारणाऱ्या चुकांची काळजी करू नका, त्या आपोआप जातात.

काळजी करायची ती गप्प बसणाऱ्या चुकांची. फोटोशॉपमध्ये वर्षानुवर्षं फोटो प्रमाणात लहान-मोठा करायचा तर शिफ्ट धरायची सवय होती. सीसी २०१९पासून ते उलटं झालं: नुसतं ओढलं की प्रमाण राहतं आणि शिफ्ट धरली की बिघडतं. जुन्या हाताची बोटं शिफ्टवर जाणारच. फोटो दोन-तीन टक्के दबतो, पडद्यावर चटकन लक्षात येत नाही, आणि छापून आल्यावर पत्रिकेतला नवरदेव ओळखू येईनासा होतो. त्यात भर म्हणजे इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये प्रमाण राखायला शिफ्ट अजूनही धरावीच लागते. एकाच कंपनीची ही सॉफ्टवेअरं, दिवसभर एकातून दुसऱ्यात उड्या मारणारा माणूस एकच, आणि नियम उलटे. ही ऑपरेटरची चूक म्हणता येत नाही. उपाय सेटिंगमध्ये आहे: फोटोशॉपच्या प्रेफरन्सेस, जनरलमध्ये 'यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म'वर खूण करा, आणि केंद्रातल्या सगळ्या मशिनवर एकाच दिवशी करा. एका मशिनवर जुनं आणि दुसऱ्यावर नवं असलं तर दोन्हींपेक्षा वाईट.

पेजमेकरवरून इनडिझाइनवर येणाऱ्याचा पहिला खटका चित्रापाशी उडतो. पेजमेकरमध्ये चित्राचा कोपरा ओढला की चित्र लहान-मोठं होतं आणि कापायला क्रॉपचं वेगळं टूल असतं. इनडिझाइनमध्ये चित्र चौकटीत बसतं. कोपरा ओढला की चौकट बदलते, म्हणजे चित्र कापलं जातं. चौकटीसकट चित्र प्रमाणात बदलायचं तर कंट्रोल आणि शिफ्ट धरून ओढायचं. ही सवयीचीच अडचण, दोन-चार दिवसांत जाते.

पण त्याच चित्राच्या मधोमध माउस नेला की जी गोल चकती उमटते, ती मात्र खरी खोड आहे. चकतीवर पकडून ओढलं तर आतलं चित्र सरकतं आणि चौकट जागेवर राहते. चकतीच्या बाहेर पकडलं तर चौकटीसकट सगळं सरकतं. लहान फोटोत चकतीच बहुतेक जागा खाते. फोटो जरा सरकवायला जावं तर फोटोतल्या माणसाचं कपाळ कापलं जातं, आणि नव्या-जुन्या सगळ्यांचं होतं. व्ह्यू, एक्स्ट्राज, हाइड कंटेंट ग्रॅबर. एवढं करून ठेवा. आतलं चित्र मुद्दाम सरकवायचं असेल तेव्हा पांढरा बाण आहेच, शॉर्टकट ए.

दुसरी खरी खोड मराठीत काम करणाऱ्यांना जास्त भोवते. इनडिझाइनमध्ये एकेका अक्षराचे शॉर्टकट आहेत: व्ही म्हणजे काळा बाण, टी म्हणजे टेक्स्ट, डब्ल्यू म्हणजे प्रीव्ह्यू. कर्सर मजकुरात असेल तर मात्र तीच कळ अक्षर टाइप करते. इंग्रजी मजकुरात भलताच डब्ल्यू निदान डोळ्यात खुपतो. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाणित कीबोर्ड-रचना, चालू असताना डब्ल्यूच्या जागी ऐकाराची मात्रा असते. कर्सर 'साल'च्या पुढे असला तर त्याचं 'सालै' होतं, ओळ तसूभरही हलत नाही, आणि ते प्रूफात सापडेल की वाचक पत्र पाठवून कळवेल हे नशिबावर. कीबोर्डची भाषा आणि टूलची अवस्था अशा दोन गोष्टी एकाच वेळी डोक्यात धराव्या लागतात, म्हणजे चूक होणं ठरलेलंच. अनुभवी माणसाचीही होते. यावर एकच शिस्त लावा: आधी एस्केप, मग शॉर्टकट. मजकुरातून एस्केप दाबला की इनडिझाइन काळ्या बाणावर येतं आणि चौकट निवडलेली राहते. पहिल्या दिवसापासून दोन्ही कळा एका दमात दाबायची सवय लावली तर पुढचं बरंच वाचतं.

"इनडिझाइनला मराठी येत नाही" ही तक्रारही तुमच्याकडे येईल, नव्हे आलीच असेल. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं हलंत दाखवत सुटी होतात. हे सवयीचंही नाही आणि अवघडही नाही, एक सेटिंग चुकलेलं आहे. पॅराग्राफ स्टाइलच्या जस्टिफिकेशनमध्ये कंपोझर (ओळी रचणारी यंत्रणा) 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' करा. मूळ स्टाइलमध्येच करा, म्हणजे तिच्यावरून बेतलेल्या सगळ्या स्टाइलना लागू होईल. एकेका परिच्छेदाला लावत बसलात तर बाहेरून पेस्ट केलेला मजकूर पुन्हा फुटणार.

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, आल्यावर आणखी एक अडचण समोर येते, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होऊ शकतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबून ऱ, मग डी दाबून हलंत, मग य. किंवा साधा र, हलंत, न दिसणारा जोडक आणि य. डोळ्याला दोन्ही सारखेच. फाइंड-चेंजला मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. एका लेखकाचा मजकूर मोबाइलवरून आला, दुसऱ्याचा टायपिस्टकडून, आणि संपादकांनी सांगितलं की अंकभर अमुक शब्द बदला, तर अर्धे बदलतात, अर्धे राहतात. ऑपरेटर म्हणतो सॉफ्टवेअर भरवशाचं नाही. मजकूर पानावर ओतायच्या आधी एकदा सगळ्या 'र-हलंत-जोडक'चं 'ऱ-हलंत' करून घ्या. जोडक एका बरोबर रूपातून कॉपी करून फाइंडच्या चौकटीत टाकता येतो.

तिसऱ्या प्रकारची तक्रार, म्हणजे होतच नाही अशी, इंकस्केपमध्ये मिळेल. इंकस्केप १.४ची पीडीएफ आरजीबीतच, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, निघते. तुमचा कोरलवाला म्हणाला असेल की यात मुखपृष्ठ करणं अवघड आहे, तर त्याचं म्हणणं शिकवून मोडून काढू नका; त्याला नेमकं हेच खटकतंय, फक्त सांगता येत नाहीये. आरजीबीतला काळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, गेला की साधारणपणे चारही शाईंचा होतो, आणि ऑफसेटवर रजिस्ट्रेशन, म्हणजे शाई एकमेकींवर नेमक्या बसणं, केसभर सरकलं की बारीक अक्षरांना लाल-निळी कड येते. मधला मार्ग आहे: एसव्हीजी (इंकस्केपची फाइल) स्क्रायबस १.६ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायची, रंग तिथे सीएमवायकेत बांधायचे, काळा मजकूर शंभर टक्के के, म्हणजे नुसत्या काळ्या शाईचा, करायचा आणि छपाईसाठीची पीडीएफ-एक्स काढायची. चालतं, पण प्रत्येक मुखपृष्ठाला एक पायरी वाढते. माझं स्पष्ट मत: मुखपृष्ठं आणि पत्रिका कोरलमध्येच राहू द्या. इंकस्केप बोधचिन्हं, आकृत्या आणि जिथे पुढचा माणूस आरजीबी चालवून घेतो अशा फ्लेक्सला वापरा.

तिथेही कोरलच्या हाताला काही ठेचा लागतील. एफ-८ दोन्हीकडे टेक्स्ट, पण एफ-४ कोरलमध्ये सगळं चित्र खिडकीत बसवतं आणि इंकस्केपमध्ये आयताचं टूल देतं. तिथे त्या कामाला साधा ४चा आकडा आहे. रंगपट्टीवर उजवं क्लिक केल्यावर कड रंगत नाही, मेनू येतो; कडेला शिफ्ट-क्लिक. वस्तू ओढताना उजवं बटण दाबून प्रत सोडायची कोरलची लाडकी युक्ती इथे नाही, पण ओढता ओढता स्पेसबार दाबला की जागोजागी शिक्का मारल्यासारखी प्रत उमटते. सगळ्या बोंब मारणाऱ्या चुका. सोडून द्या.

आता वेगाचं बघू, कारण जुने ऑपरेटर शॉर्टकटवरून सगळ्यात जास्त भांडतात. कार्ड, मोरन आणि नेवेल या संगणक-वापराच्या अभ्यासकांनी १९८०मध्ये मांडलेल्या हिशेबात एक कळ दाबायला ०.२८ सेकंद, माउसने नेम धरायला १.१, हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४ आणि आता काय करायचं हे मनात जुळवायला १.३५ सेकंद धरतात. कोरलमध्ये दोन वस्तू एकमेकींच्या मध्यावर आणायला सी आणि ई, म्हणजे ०.५६ सेकंद. जिथे हे पॅनेलमधून करावं लागतं तिथे दोनदा नेम धरण्यातच २.२ सेकंद गेले. इथे कोरल खरोखर सोपं आहे, ऑपरेटर बरोबर बोलतोय. पण एका पत्रिकेत हे ४० वेळा केलं तरी वाचतं ते मिनिटाच्या जरा वर. उलट प्रत्येक पायरीला विचार करावा लागला तर नेम धरण्यापेक्षा जास्त वेळ त्यातच जातो. आणि दबलेल्या फोटोसाठी छपाईची प्लेट पुन्हा काढावी लागली तर अख्ख्या महिन्याचे सेकंद एका दुपारी वाहून जातात. म्हणून सोपेपणा मोजायचा तो चूक झाल्यावर आणि दुरुस्ती आल्यावर. इनडिझाइनच्या खिडकीच्या तळाशी प्रीफ्लाइटचा हिरवा-लाल ठिपका असतो. चौकटीबाहेर गेलेला मजकूर, हरवलेलं चित्र तो काम चालू असतानाच सांगतो. त्याचं मोल दहा शॉर्टकटांपेक्षा जास्त आहे.

तर चाचणी कशी घ्यायची? रोजच्या कामातले तीन नमुने निवडा. एक, चार पानांचा लेख: मजकूर, दोन फोटो, एक चौकट. दोन, द्विभाषिक पत्रिका किंवा कार्ड. तिसरा नमुना सगळ्यात महत्त्वाचा: तयार १६ पानं द्या आणि संपादक देतात तशी दुरुस्ती सांगा. सगळी उपशीर्षकं दोन पॉइंटांनी लहान, मधला एक परिच्छेद काढा, वरच्या ओळीतलं लेखकाचं नाव बदला. हे तिन्ही पहिल्या, पाचव्या आणि पंधराव्या कामाच्या दिवशी करून घ्या. लागलेला वेळ लिहा, पण त्याबरोबर कितीदा अनडू केलं, कितीदा दुसऱ्याला विचारलं आणि शेवटच्या पीडीएफमध्ये किती चुका राहिल्या तेही लिहा. अनडूची संख्या वेळेपेक्षा जास्त बोलते.

त्यात एक छोटी भर घाला. ऑपरेटरच्या शेजारी बसा आणि वीसेक कृतींपुरतं त्याला कळ दाबण्याआधी तोंडाने सांगायला लावा की आता काय होईल. अंदाज चुकला की दोन गोष्टी टिपा: काय झालं, आणि जे झालं ते त्याला लगेच दिसलं का. पहिल्या दिवशी अंदाज चुकणारच. पंधराव्या दिवशीही त्याच जागी चुकत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा. तिथे सेटिंग बदला किंवा शिस्त घाला. वेळ झपाट्याने उतरून जुन्याच्या खाली गेला तर ती सवय होती, विसरा. वेळ उतरून एका जागी अडला, जुन्यापेक्षा वरच, तर ते काम त्या सॉफ्टवेअरमध्ये अवघडच आहे. ते काम जुन्यातच ठेवायला लाज वाटू देऊ नका. वेळ कमी पण चुका तितक्याच, हा सगळ्यात धोक्याचा आलेख, कारण मालक नुसत्या वेळेकडे बघून खूश होतात.

आठ-दहा दिवसांच्या खंडानंतर, म्हणजे सुट्टीहून आल्यावर, तिसरा नमुना पुन्हा एकदा द्या. जे सॉफ्टवेअर नीट रचलेलं असतं ते खंडानंतरही मेनूतून वाट दाखवतं. नुसतं पाठ केलेलं असतं ते पुसून जातं.

नव्या मुलीचं 'सोपं' हेही याच काट्यावर तोला. तिला आड येणारी सवय नाही, हा तिचा फायदा खरा. पण बहुतेक नवखी मंडळी प्रत्येक शीर्षक हाताने मोठं करतात, ठळक करतात, आणि पान अर्ध्या तासात देखणं दिसतं. दुरुस्तीच्या नमुन्यात ती अडकतील, कारण पॅराग्राफ स्टाइल बांधलेलीच नाही. उलट पेजमेकरवाल्याला स्टाइल आणि मास्टर पेज ही कल्पना आधीच ठाऊक आहे. इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्यांत मास्टरला पॅरेंट पेज म्हणतात एवढंच. त्याचे हात चुकतात पण डोकं बरोबर चालतं. पंधराव्या दिवशी तोच पुढे असेल तर नवल वाटू देऊ नका. तिला त्याच्या शेजारी बसवा, दोघांचंही भलं होईल.

आता शॉर्टकटचं. इनडिझाइनच्या एडिट मेनूत कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये पेजमेकर ७ आणि क्वार्क ४ (पानं लावायचं आणखी एक जुनं सॉफ्टवेअर) यांचे संच मिळतील. इंकस्केपच्या प्रेफरन्सेसमध्येही कोरलच्या धर्तीची फाइल निवडता येते. मोह होतो, पण घेऊ नका. कळ जुनी झाली तरी चौकटीची कल्पना जुनी होत नाही: कोपरा ओढल्यावर चित्र कापलंच जाणार. संच अर्धाच जुळतो, त्यामुळे कुठली कळ जुन्या नियमाने आणि कुठली नव्या, हे आणखी एक ओझं डोक्यावर येतं. शिवाय मदतीचा व्हिडिओ, क्लासची वही, नवी मुलगी हे सगळे मूळ कळांच्या भाषेत बोलतात. त्याऐवजी मूळ संचावर 'न्यू सेट' करून केंद्राच्या नावाने जतन करा आणि त्यात पाच-सहाच बदल करा: चाचणीत ज्या कळा गप्प चुका करवतात त्या बंद, आणि दिवसात पन्नासदा लागणाऱ्या एक-दोन कृतींना मोकळी कळ. तो संच म्हणजे एक .आयएनडीके फाइल असते. चारही मशिनवर तीच टाका आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, फॉरमॅट मारल्यावर शोधाशोध नको.

एका ठिकाणी मात्र सवय जपाच: मराठी टायपिंग. इन्स्क्रिप्टची रचना टाइपरायटरपेक्षा नेटकी आहे यात वाद नाही. डाव्या हाताकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजनं, क आणि ख एकाच कळेवर, ग-घ तसेच. 'पुणे' म्हणजे एच, जी, शिफ्ट-सी, एस, जसं उच्चारतो त्याच क्रमाने. नव्या माणसाला हेच शिकवा. पण रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या रचनेवर, वीस वर्षं हात बसलेल्या टायपिस्टला बदलायला लावू नका. पहिली वेलांटी आधी दाबायची त्याची सवय मोडायला महिने जातील, आणि हातात येणारा मजकूर तोच. रेमिंग्टन पद्धतीने टाइप करून युनिकोड देणारे कीबोर्ड आहेत, ते बसवून द्या.

वेळापत्रकाचं सांगायचं तर दिवाळी अंकांची कामं गणपतीच्या आगेमागे अंगावर येतात, तेव्हा बदल सुरू करू नका. दिवाळी पाडव्यानंतर एक पुस्तक नव्यात घ्या, घाई नसलेलं. एका वेळी एकच सॉफ्टवेअर बदला. पानं आणि रेखाकाम दोन्ही एकदम बदललं तर कुठली तक्रार कशाची, हे चाचणीतून वेगळं काढता येणार नाही.

पेजमेकरचं जुनं मशिन लगेच काढून टाकू नका. पेजमेकर ६ ते ७च्या फायली इनडिझाइनमध्ये सीएस६पर्यंतच उघडतात, सीसी आवृत्त्यांत नाही. उघडल्या तरी मजकूर जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत असतो, त्यामुळे युनिकोडमध्ये रूपांतर करून रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्या' असलेले शब्द डोळ्यांखालून घालावेच लागतात. पुनर्मुद्रणाला येण्यासारखी पुस्तकं निवडून तेवढ्यांचंच रूपांतर करा. बाकीच्यांच्या पीडीएफ काढून ठेवल्या की पुरे.